आधी अंगठा: कंट्री ब्लूज गिटार घरच्या घरी शिकायची तर

कंट्री ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं एकट्या गिटारवरचं गाणं, शिकायला निघालेला माणूस बहुतेक वेळा त्यातला नावाजलेला रॉबर्ट जॉन्सन लावतो, तोंडात बोट घालून ऐकतो, इंटरनेटवरून टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं त्याचा तक्ता) उतरवतो आणि दोन आठवड्यांनी गिटार कपाटावर जाते. माझी गेली होती. दीड वर्ष धूळ खात पडली होती. जॉन्सन ऐकताना खाली एक जण वाजवतोय, वर दुसरा, आणि गातोय तो तिसराच, असं वाटत राहतं. १९३६ च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओ आणि १९३७ च्या जूनमध्ये डॅलस, एवढ्या दोन ठिकाणी त्याची सगळी २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि १९३८ च्या ऑगस्टमध्ये, २७ व्या वर्षी, तो गेला. तिथून सुरुवात करणं म्हणजे अलंकार घोटायच्या आधी तराण्याला हात घालणं.

माझं मत विचाराल तर सुरुवात मिसिसिपी जॉन हर्टपासून करा. आणि हर्टच्या बोटांपासून नाही, नुसत्या अंगठ्यापासून. गिटार हातात घेतल्यावर पहिले पंधरा दिवस बाकीची बोटं रजेवर आहेत असं समजा.

हा हर्ट मिसिसिपी राज्यातल्या अॅव्हलॉन नावाच्या वाडीवजा गावातला शेतमजूर. १९२८ च्या फेब्रुवारीत ओके या तबकड्यांच्या कंपनीनं त्याला मेम्फिसला बोलावून घेतलं, डिसेंबरात न्यूयॉर्कला. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, पुढच्या वर्षी मंदी आली, आणि हर्ट आपला शेतात परतला. पस्तीस वर्षं त्याच्याबद्दल बाहेर कुणाला काही माहीत नव्हतं. मधे १९५२ साली हॅरी स्मिथच्या जुन्या अमेरिकन लोकसंगीताच्या संग्रहात त्याची दोन गाणी आली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी गृहीत धरलं की हा माणूस केव्हाच वारला असणार. त्याच्या एका गाण्यात मात्र ‘अॅव्हलॉन हे माझं गाव’ अशा अर्थाची ओळ होती. तेवढ्या ओळीवरून टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणानं जुन्या नकाशात गाव शोधलं आणि १९६३ मध्ये तो थेट दारात जाऊन उभा राहिला. हर्ट सत्तरीचा. घरात स्वतःची गिटारही उरली नव्हती. पण हातात दिल्यावर अंगठा पहिल्यासारखाच चालू झाला. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता. १९६६ च्या नोव्हेंबरात वारला.

शिकणाऱ्यासाठी यात मोठी सोय आहे. त्याच माणसाची पस्तिशीतली तबकडीही ऐकायला मिळते आणि सत्तरीतलं स्वच्छ ध्वनिमुद्रणही. पीट सीगर या अमेरिकन लोकगायकाच्या टीव्ही कार्यक्रमातलं त्याचं चित्रीकरणही आहे, त्यात हात दिसतो.

आधी कान

पहिला आठवडा गिटारला हात लावू नका. हर्टचं ‘लुईस कॉलिन्स’ किंवा ‘स्टॅक ओ ली’ रोज दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त खर्जाच्या तारा ऐकायच्या. धुम-तक-धुम-तक असा जो न थांबणारा आवाज आहे तो अंगठा. दुसऱ्यांदा वरची धून ऐकायची. मग कधीतरी दोन्ही एकदम. तबल्यात डावा आणि उजवा वेगळा काढून ऐकायची सवय असेल तर हे चार दिवसांत जमतं.

अंगठ्याला एवढं महत्त्व का, ते या लोकांच्या जगण्यात आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धलीनं कापूस पिकवायचा आणि शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरात किंवा गुत्त्यात नाच रंगवायचा. ढोल नाही, बाजा नाही, एकटा माणूस आणि स्वस्तातली स्टेला गिटार. लोकांचे पाय हलले पाहिजेत तर ठेका कुणीतरी धरायला हवा. तो अंगठ्यानं धरला. म्हणून अंगठा अडखळला की सगळं कोसळतं. वरचा एखादा सूर चुकला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या तबकड्यांवर खरखर असते, तिला घाबरू नका. पॅरामाउंट कंपनीची सगळ्यात जास्त. ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा. ग्रामोफोनच्या पेट्या खपाव्यात म्हणून तबकड्या काढल्या, त्याही हलक्या मालाच्या. चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स, ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड लेमन जेफरसन ही सगळी मंडळी या खुर्चीवाल्यांच्या तबकड्यांवर आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान खरखर आपोआप गाळायला लागतो.

गिटार

भारी गिटारची गरज नाही. स्टीलच्या तारांची साधी अकूस्टिक पुरे. नायलॉनच्या तारांवर हा बाज चढत नाही. तारा ०.०१२ च्या घ्या (सगळ्यात पातळ तारेची जाडी, इंचात), बोटं कोवळी असतील तर ०.०११ च्या. दुकानात तारेची फळीपासूनची उंची तेवढी बघा. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ती तीन मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त असेल तर डाव्या हाताचे हाल होतात. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि जूनमध्ये बरी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये रुसते. दुरुस्तीवाल्याकडून एकदा सेट करून घेतली की वर्षभर बघायला नको.

पिक, म्हणजे तारा छेडायचा तुकडा, नको. नख जरासं वाढलेलं असेल तर उत्तम, नसेल तर बोटाचं मांस चालतं. आवाज बारीक पण गोल येतो. रेव्हरंड गॅरी डेव्हिस अंगठा आणि तर्जनी या दोनच बोटांनी, त्यांवर पिक चढवून, अख्ख्या बँडएवढा आवाज काढायचा. पण ते पुढचं.

एक सूचना: तारा मी बारीक तारेपासून मोजतोय. पहिली म्हणजे सगळ्यात पातळ, सहावी म्हणजे सगळ्यात जाड.

उजवा हात

तळव्याची कड, करंगळीच्या खालची, पुलावर, म्हणजे तारा गिटारच्या पोटावर जिथे टेकतात त्या पट्टीवर, अलगद टेकवा. जाड तारांवर तिचा किंचित भार पडला पाहिजे, म्हणजे खर्जाचा सूर घुमत न राहता ‘धुम्’ असा मिटतो. भार जास्त झाला तर नुसतं लाकूड वाजेल, कमी झाला तर देवळातल्या घंटेसारखा घुमेल. मधली जागा सापडायला मला तीन दिवस लागले होते आणि ती सापडली त्या क्षणी पहिल्यांदा हे वाजवणं ‘तसं’ ऐकू आलं.

अनामिका आणि करंगळी गिटारच्या पोटावर टेकवून ठेवा, हर्टसारखी. काही शिक्षक याला नाकं मुरडतात. माझ्या पहिल्या शिक्षकांनी तर टेकलेल्या बोटावर पट्टी मारली होती. शास्त्रीय गिटारला त्यांचं बरोबर आहे. इथे टेकू हवा.

फक्त अंगठा

सी कॉर्ड धरा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा जुडगा). आता अंगठ्यानं पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. चार मात्रांचं आवर्तन. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर. बाकी काही नाही.

हे सोपं वाटतं म्हणून लोक पाच मिनिटांत पुढे जातात आणि तिथेच फसतात. खरी परीक्षा अशी: अंगठा चालू ठेवून घरातल्या माणसाशी बोला. ‘चहा ठेवलाय का’, ‘आज भाजीला काय आणू’ असलं काहीही. बोलताना अंगठा थबकला तर तो अजून तुमचा झालेला नाही. मी बातम्यांसमोर बसून हा रियाज करायचो. निवेदिकेच्या वाक्यागणिक माझा ठेका ओढला जायचा. दहाव्या-बाराव्या दिवशी तो सुटा झाला.

पाचवी-चौथी जमली की तिसऱ्या मात्रेला पाचवीऐवजी सहावी घ्या. त्यासाठी अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर उडी मारेल आणि पुढच्या आवर्तनाला परत येईल. पाच, चार, सहा, चार. ही उडी डाव्या हाताला आधी झेपत नाही. साठवरून पन्नासवर या, लाज वाटून घेऊ नका.

दुसऱ्या मात्रेवर, म्हणजे चौथ्या तारेवर, थोडा जोर द्या. नाचणाऱ्याचा पाय तिथे उचलला जातो.

चिमूट आणि मधल्या जागा

आता एकच आवर्तन बारकाईनं पाहू. पुढचा महिनाभर तुम्ही याच्यातच राहणार आहात. तोंडानं मोजा: एक-नि-दोन-नि-तीन-नि-चार-नि. अंगठा फक्त आकड्यांवर पडतो, ‘नि’वर कधीच नाही.

‘एक’वर अंगठा पाचवी तार आणि त्याच क्षणी मधलं बोट पहिली तार, मिठाची चिमूट उचलावी तसं. पुढचा ‘नि’ रिकामा. ‘दोन’वर अंगठा चौथी. त्यानंतरच्या ‘नि’वर तर्जनी दुसरी तार. ‘तीन’वर अंगठा पाचवी. ‘नि’वर मधलं बोट पहिली तार. ‘चार’वर अंगठा चौथी. शेवटचा ‘नि’ रिकामा. संपलं.

जे दोन ‘नि’ रिकामे आहेत त्यांत सगळी गंमत आहे. नवखा माणूस ते भरायला जातो आणि वादन शिवणयंत्रासारखं ऐकू येतं. हर्टचं ऐका, वरची धून किती कमी सुरांची आहे. तो गाण्याचीच चाल वरच्या तारांवर वाजवतो, गाण्याला लागतात तेवढेच सूर, बाकी जागा मोकळी.

एक चूक इतकी हमखास होते की आधीच सांगून ठेवतो. तर्जनी वाजताना अंगठा तिच्यासाठी थांबतो, वाट बघतो. असं झालं की बोटं सोडा, पुन्हा दोन मिनिटं नुसता अंगठा चालवा आणि मग एकच ‘नि’ परत आणा. दोन्ही एकदम सुधारायला जाऊ नका.

एफ, जी आणि गळा

जी कॉर्डला अंगठा सहावी-चौथी असा चालतो. एफ जरा अवघड, कारण इथे आडवं बोट लावून बार धरायचा नाही. डाव्या हाताचा अंगठा मानेवरून वर काढून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट त्यानं दाबायचा. अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्यावर, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, तर्जनीनं पहिल्या दोन तारांचा पहिला फ्रेट. पाचवी तार वाजवायचीच नाही. हात लहान असेल तर सहावी सोडा आणि अंगठा चौथी-तिसरीवर चालवा. कुणी पोलीस येत नाही.

तीन कॉर्ड हातात आल्या की बारा आवर्तनांचा साचा धरा: चार सीची, दोन एफची, दोन सीची, एक जी, एक एफ, दोन सी. पद्याचा साचाही तीन ओळींचा असतो. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत तिचं उत्तर द्यायचं. ओळ संपल्यावर आवर्तनं उरतात, तिथे गिटार बोलते. ओळ पुन्हा म्हणण्यात गाणाऱ्याला पुढची ओळ सुचायला वेळ मिळतो. ओळी तर सगळ्यांच्या सामाईक होत्या, एकाच्या गाण्यातली ओळ शंभर मैलांवर दुसऱ्याच्या गाण्यात भेटते. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

हा साचा शिका, पण त्याला देव मानू नका. टेक्ससचा ब्लाइंड लेमन जेफरसन, ज्याच्या १९२६ च्या तबकड्यांनी एकट्या गिटारवाल्याला बाजारात भाव आणला, तो आवर्तनं मोजतच नसे. श्वास असेपर्यंत ओळ आणि मन भरेपर्यंत गिटारचं उत्तर. साडेअकरा झाली काय नि तेरा झाली काय. एकट्यानं वाजवणाऱ्याला ते परवडतं.

गळा सुरुवातीला मध्ये येतो. मग गाऊ नका, नुसतं बोला. मराठीतच बोला. मी वीजबिलावरची ठिगळं जोडून बोलायचो. बोलणं जमलं की सूर आपोआप त्यात उतरतो. अमेरिकन उच्चारांची नक्कल मात्र टाळा, फार वाईट ऐकू येते.

ई मध्ये उतरणं

दोन-तीन महिन्यांनी बाज बदला. हर्टचा अंगठा दोन तारांमध्ये झुलतो. टेक्ससकडच्या कितीतरी वादकांचा एकाच तारेवर ठोके देत बसतो. मॅन्स लिप्सकम ऐका. नवासोटाचा हा शेतकरी पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला तो १९६० साली, पासष्टीत.

ई कॉर्ड, अंगठा फक्त मोकळ्या सहाव्या तारेवर, चारही मात्रा, तळव्यानं मिटवून. एच्या वेळी मोकळी पाचवी. बी सेव्हनला पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट. अंगठ्याचं काम सोपं झालं म्हणून बोटं सुटतात.

आणि इथे तो सूर भेटतो ज्याच्यासाठी आपण एवढं आलो. ई धरून पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट वाजवा. हा ईचा कोमल गंधार. आता त्याच बोटानं तार किंचित खेचा, शुद्ध गंधारापर्यंत जाऊ नका, मध्येच कुठेतरी सोडा. खाली अंगठा ‘धुम् धुम्’ चालूच आहे. हार्मोनियमच्या पट्ट्यांत हा सूर सापडायचा नाही. ज्यांनी दरबारीतला गंधार झुलताना ऐकलाय त्यांना वेगळं समजवायला नको. तो गंधार अर्थात वेगळा आहे, पण ‘सूर म्हणजे ठिपका नाही’ ही समज आपल्या कानाला आधीपासून असते आणि इथे ती फार उपयोगी पडते.

तारा उतरवून, काच चढवून

ओपन ट्यूनिंग म्हणजे मोकळ्या तारांचीच कॉर्ड होईल अशी जुळणी. तिच्या दोन प्रकारांना जुने वादक दोन नावं देत: स्पॅनिश आणि व्हेस्टापोल. दोन्ही नावं एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या गिटारच्या रचनांवरून आली. व्हेस्टापोल म्हणजे सेवास्तोपोलचा अपभ्रंश, क्रिमियातल्या वेढ्यावरची एक रचना होती तिच्यावरून.

व्हेस्टापोलसाठी सहावी आणि पहिली ईवरून डीवर उतरवा, दुसरी बीवरून एवर, तिसरी जीवरून एफ शार्पवर. चारही तारा सैल होतात, तुटायची भीती नाही. मोकळ्या सहा तारा छेडल्या की डी कॉर्ड. पाचव्या फ्रेटवर मध्यम, सातव्यावर पंचम, बाराव्यावर वरचा षड्ज. स्किप जेम्सचा तो अंगावर काटा आणणारा आवाज हवा असेल तर तिसरी आणखी अर्धा सूर उतरवून एफवर आणा. १९३१ च्या फेब्रुवारीत पॅरामाउंटच्या ग्राफ्टनमधल्या स्टुडिओत त्यानं गिटारवर जे वाजवलं त्यातलं बरंचसं त्या उदास जुळणीतलं.

स्लाइड म्हणजे बोटात घालून तारांवर घसरवायची नळी. तिच्यासाठी बाटलीची मान कापायच्या फंदात पडू नका. एसी दुरुस्त करणाऱ्याकडे तांब्याच्या नळीचा तुकडा मिळतो, करंगळीत ढिला पण न गळणारा बघून घ्या, कडा कानशीनं घासा. माझा तुकडा त्यानं फुकट दिला, वर विचारलं, ‘बोटाला लागलंय का दादा?’

नळी तारेला नुसती स्पर्श करेल, दाबायची नाही. फ्रेट वाजवताना आपण धातूच्या पट्टीच्या मागे बोट ठेवतो. नळी मात्र बरोबर पट्टीच्या डोक्यावर हवी. मागे तर्जनी तारांवर अलगद पडलेली असू दे, नाहीतर नळीमागचा तुकडाही कुरकुरतो. सूर गाठताना खालून वर घसरत या, सतारीवरच्या मींडेपेक्षा विचित्र वीणेच्या चालीला हे जवळचं. पोहोचल्यावर मनगट हलकं हलवा.

ऐकायला ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्ससचा हा आंधळा गायक स्वतःला ब्लूजवाला मानत नसे, त्यानं फक्त देवाची गाणी म्हटली. १९२७ च्या डिसेंबरात डॅलसला त्यानं एक गाणं केलं, त्यात शब्दच नाहीत, नुसता हुंकार आणि त्याच्यामागून तसाच हुंकारणारी गिटार. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तिच्यात हे गाणं आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. दोन्ही एका बैठकीत ऐका, एकामागून एक. मी सांगतोय म्हणून नाही, स्लाइडच्या अभ्यासासाठीच. सुरावरून सुरावर जाताना केसरबाई मधली जागा कशी पार करतात आणि विली कशी, एवढंच बघायचं. त्या दिवशी गिटार नाही वाजवली तरी चालेल.

तबकडीवरून उतरवताना

टॅब वाचून वाजवलेलं लगेच ओळखू येतं, म्हणून कानानं उतरवायला लवकर लागा. सोयीचा भाग असा की ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकडीवर गाणं तीन मिनिटांच्या आसपासच असतं. यूट्यूबवर वेग अर्धा करता येतो, सूर तोच राहतो. आधी खर्ज उतरवा, त्यावरून कॉर्ड कळते, कॉर्डवरून डाव्या हाताचा आकार, आणि आकारातून वरचे सूर आपोआप सापडतात. वरून खाली गेलात तर रडकुंडीला याल.

जुळणी बऱ्याचदा तुमच्या ट्यूनरशी जुळणार नाही. तबकडी कापताना यंत्राचा वेग कमी-जास्त असे, वादकानंही गिटार अंदाजानंच जुळवलेली असे. पाव सूर इकडे-तिकडे असेल तर तुमच्या तारा गाण्याला जुळवा. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा मानेवरचा चिमटा, लावायला कमीपणा नाही, रॉबर्ट जॉन्सन सर्रास लावायचा.

एका वेळी एक माणूस धरा. हर्टनंतर रॅगटाइमची, म्हणजे त्या काळच्या उसळत्या लयीच्या नाचऱ्या बाजाची, चटक लागली तर ब्लाइंड ब्लेक, पण त्याचा अंगठा इतका चपळ की सहा महिने तरी नुसतं ऐकाच. बायकांना विसरू नका: मेम्फिस मिनीची गिटार भल्याभल्यांना भारी पडे. आणि एलिझाबेथ कॉटन डावखुरी, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायची, त्यामुळे तिच्या वादनात खर्ज तर्जनीकडे आणि धून अंगठ्याकडे. एवढं सगळं अंगठापुराण सांगून झाल्यावर तिच्याकडे बघितलं की हसू येतं.

शेवटचं म्हणजे पाय. अंगठा पक्का झाला की पाय आपोआप आपटायला लागतो, आणि तो आपटू द्या, पॅटन काय नि सन हाउस काय, सगळे आपटायचे. फक्त तुम्ही पहिल्या मजल्यावर किंवा त्याच्या वर राहत असाल तर पायाखाली सतरंजीची चौपदरी घडी घाला. खालच्या काकूंनी मला रात्री साडेदहाला वर येऊन विचारलं होतं, एवढ्या रात्री काय कुटताय म्हणून.